आधी लाल वायर बघा

मी एक जुनी वायर आहे, आणि मी चिडलेली आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकते, म्हणजे नंतर तुम्ही म्हणायला नको की आत्मवृत्त सांगायला बसली आणि चिडचिड करत सुटली. आत्मवृत्त कसं सांगतात ते मलाही ठाऊक आहे. फाटकी छत्री सांगते, गंजलेली सायकल सांगते, शाळेतली तुटकी घंटा सांगते. सगळ्या कशा हळुवारपणे सांगतात आणि शेवटी तुमच्या डोळ्यांत पाणी आणतात. मला ते जमणार नाही. मला दोन तोंडं आहेत, आणि त्यातल्या एका तोंडावर जे गुदरलं ते मी आज सांगणार आहे.

दोन तोंडं आहेत म्हणून मला दुतोंडी म्हणू नका हं, मित्रांनो. दुतोंडी माणूस एकाला एक सांगतो आणि दुसऱ्याला भलतंच. मी एका तोंडाने जे ऐकते तेच दुसऱ्या तोंडाने सांगते. एक अक्षर इकडचं तिकडे करत नाही. तुमच्या संगणकाच्या पेटीत एक डिस्क असते. तिच्यात तुमचे फोटो, गाणी, अभ्यास, सगळं साठवलेलं असतं. आणि एक मोठा हिरवा पत्रा असतो, त्याला मदरबोर्ड म्हणतात. सगळी कामं तिथून होतात. डिस्क आणि मदरबोर्ड एकमेकांशी बोलतात ते माझ्यातून. माझं खरं नाव डेटा केबल, पण ते कुणी घेत नाही. सगळे म्हणतात, ‘ती लाल वायर.’ मी चपटी आहे, हातभर लांब आहे आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक आहे. माझी तोंडंसुद्धा लाल आहेत. हे लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोळ त्या रंगामुळे झाला.

माझा जन्म कुठल्यातरी लांबच्या कारखान्यात झाला. त्याविषयी सांगण्यासारखं काही नाही. एका यंत्राने तार ओढली, दुसऱ्याने प्लास्टिक चढवलं, तिसऱ्याने दोन्ही तोंडांत सात सात दात बसवले आणि पिशवीत कोंबलं. कौतुक करायला कुणाला वेळ नव्हता. तिथून मी खोक्यात बसून कामणच्या गोदामात आले. तिथे ट्रक यायचे, खोकी आदळायचे आणि जायचे. एक उंदीर रोज येऊन आमचं खोकं हुंगायचा. एक अख्खा पावसाळा मी तिथे काढला. म्हणून कामण हे मी माझं माहेर मानते, तुम्ही हसलात तरी चालेल.

कामणहून मी वसईत डेन्झिलच्या दुकानात आले. डेन्झिल संगणक जोडून द्यायचा. एके दिवशी त्याच्या दुकानात आगाशीचे जगन्नाथभाऊ आले. माणूस मूळचा वाडीवाला. केळी, सोनचाफा, थोडी पानवेल. पण त्यांनी दुकानात पाऊल टाकून नुसतं ‘काय डेन्झिलशेठ’ म्हटलं आणि माझ्या चौदाही दातांतून कंप गेला. असा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. डेन्झिलने मला खट्कन मदरबोर्डवर बसवलं, दुसरं तोंड डिस्कला लावलं आणि म्हणाला, “भाऊ, ही वायर एकदा बसवली ना, आता बघायला नको. बाकी सगळं जाईल, ही राहील.”

माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कौतुक. पुढचं व्हायला किती वर्षं लागली आणि ते कसं अंगाशी आलं, ते पुढे येईलच.

आता जगन्नाथभाऊंच्या आवाजाविषयी सांगायला हवं. वसई-विरारकडे क्रिकेटच्या स्पर्धा किती होतात ते तुम्हाला माहीत असेल. भात कापून झाला की शेतं मोकळी होतात, रोलर फिरतो, मांडव पडतो आणि माइक लागतो. त्या माइकवर जगन्नाथभाऊ असायचे. समालोचन करावं तर त्यांनीच. चेंडू विहिरीत गेला तर ते म्हणायचे, “फलंदाजाने चेंडूला आंघोळीला पाठवलंय, मंडळी.” एखाद्याने सोपा झेल सोडला तर, “यांच्या हाताला लोणी लागलंय, पाव घेऊन या कुणीतरी.” ज्याची चेष्टा व्हायची तोसुद्धा हसायचा. अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत त्यांना बोलावणी यायची. त्यांचा मुलगा तेजस तेव्हा कॉलेजात होता. तो ते समालोचन मोबाइलवर टिपायचा आणि घरी येऊन संगणकात साठवायचा. डिस्कमध्ये जाण्याआधी तो आवाज माझ्यातून जायचा. मी दिवसभर तेजसचे प्रकल्प, तेजसचे खेळ, तेजसचे ढीगभर फोटो वाहून कंटाळलेली असायचे. मग तो आवाज आला की माझा शीण जायचा.

वर्षं गेली. पेटीत धूळ साचली, पालीने अंडी घातली, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने पेटीचे स्क्रू गंजले. मॉनिटर पुसायला घरात वेगळं मऊ फडकं होतं. कीबोर्डला प्लास्टिकचं झाकण होतं. माझ्याकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. संगणक झरझर चालला की म्हणायचे, ‘मशीन चांगलं आहे.’ बंद पडला की म्हणायचे, ‘आतली वायर-बियर गेली असेल.’ चांगलं झालं की मशीन आणि वाईट झालं की वायर, हा कुठला न्याय?

मग जगन्नाथभाऊंच्या घशाला मोठा आजार झाला. शस्त्रक्रिया झाली. माणूस वाचला, आवाज गेला. आता ते हातांनी खुणा करतात आणि फारच गरज पडली तर मोबाइलवर लिहून दाखवतात. त्यांचं लिहून होईपर्यंत समोरच्याने विषय बदललेला असतो. त्यांची बायको सावित्रीबाई त्यांच्या बऱ्याच खुणा ओळखते, पण सगळ्या नाही. पूर्वी ज्यांच्या एका शब्दावर अख्खं मैदान गप्प व्हायचं, ते आता टेबलावर बोटाने टकटक करतात आणि घरातलं कुणी वळूनही बघत नाही.

त्यानंतर घरात उन्नती आली. तेजसची बायको. कामणची मुलगी, म्हणजे माझ्या माहेरची. विरारला रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी करते. ती लग्न होऊन आली तेव्हा सासऱ्यांचा आवाज जाऊन बरेच दिवस झाले होते. पण आगाशीच्या बाजारात गेली की भाजीवाली म्हणायची, “तू जगन्नाथभाऊंची सून ना? काय आवाज होता गं त्यांचा.” बसमध्ये कंडक्टर तेच म्हणायचा. सगळ्या गावाने ऐकलेला आवाज फक्त तिनेच ऐकला नव्हता. तिने घरी विचारलं तेव्हा सावित्रीबाई म्हणाल्या, “कॉम्प्युटरात आहे सगळा. तेजस लावेल कधीतरी.”

तेजसला काही वेळ झाला नाही. शेवटी उन्नतीने स्वतःच लावून बघितला. पण जुनी डिस्क थकली होती. ती आतून टिकटिक करायला लागली होती. “मंडळी, आज...” एवढे दोन शब्द आले आणि संगणक ठप्प झाला. उन्नती कितीतरी वेळ त्या ठप्प पडद्याकडे बघत बसली. दुसऱ्या दिवशी ती तेजसला म्हणाली, “ही डिस्क कधीही जाईल. बाबांचा आवाज तिच्याबरोबर जाईल. मी नवीन डिस्क आणते.” आणि तिने दसऱ्याच्या मुहूर्तावर आपल्या पगारातून नवी डिस्क आणली. आधी नव्या डिस्कवर ऑपरेटिंग सिस्टिम टाकायची, म्हणजे संगणकाला नव्याने चालायला शिकवायचं. मग जुनीवरचं सगळं नवीवर आणायचं. इतकं साधं काम होतं.

दसऱ्याला या घरात हत्यारांची पूजा असते. पाटावर कोयता, विळा, पहार, फवारणीचा पंप आणि तेजसच्या बाइकची चावी मांडली होती. त्या वर्षी संगणकाचीही पूजा करायची ठरली. तेजसने पेटी उघडून जुनी डिस्क काढून ठेवली होती. त्याने ती उघडी पेटीच पाटाशेजारी आणून ठेवली. माझं एक तोंड मदरबोर्डला होतं आणि दुसरं पेटीबाहेर लोंबत पाटावर टेकलं होतं. सावित्रीबाईंनी सगळ्यांना झेंडूची फुलं वाहिली, हळदकुंकू लावलं. नव्या डिस्कला लावलं, जुनीलाही लावलं. मग त्यांची नजर माझ्याकडे गेली.

“ही एक राहिली की.”

“आई, ती नुसती वायर आहे,” तेजस म्हणाला. “तिला काय लावतेस?”

“काम करते ना? मग तिलाही लावायचं.”

मित्रांनो, काय सांगू तुम्हाला. एवढ्या वर्षांत माझ्याविषयी ‘काम करते ना’ असं कुणीही म्हटलं नव्हतं. कुंकू गळून पडू नये म्हणून सावित्रीबाईंनी आधी तेलाचं बोट लावलं, मग कुंकवात बुडवलेलं बोट टेकवलं. आणि नेमकं कुठे टेकवलं? माझ्या तोंडावर. चपट्या वायरीला दुसरं कपाळ कुठून असणार? मनापासून टेकवलं, दाबून टेकवलं. माझे सातही दात तेलात आणि कुंकवात बुडाले. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी तर फुगले होते. मुहूर्ताला सजून बसले होते.

दुपारी जेवणं झाल्यावर तेजसने मला तशीच्या तशी नव्या डिस्कला लावलं आणि काम सुरू केलं.

पडद्यावर एक पट्टी पुढे सरकायला लागली. थोडी सरकली आणि थांबली. बारीक ठिपके गोल गोल फिरत राहिले. मग तेही थांबले. माउस हलेना, काही दाबलं तरी काही होईना. बाहेरून एवढंच दिसत होतं. आत काय चाललं होतं ते मला विचारा. मदरबोर्ड म्हणायचा, “हे लिहून घे.” मी ते डिस्ककडे न्यायचे, पण माझ्या दातांत तेल आणि कुंकू. दहा शब्दांतले आठ पोचायचे. डिस्क म्हणायची, “कळलं नाही, पुन्हा सांग.” मदरबोर्ड पुन्हा सांगायचा. पुन्हा आठच. असं होत होत शेवटी दोघेही गप्प व्हायचे. तोंडात घास कोंबलेला असताना तुम्हाला कुणी कविता म्हणायला लावली तर जसं होईल ना, तसं माझं झालं होतं.

तेजसने काय काय केलं ते ऐका. त्याने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. सिस्टिम टाकायचा पेनड्राइव्ह नव्याने बनवला. ज्या चिपा संगणकाची तात्पुरती आठवण सांभाळतात त्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबराने घासले आणि परत बसवल्या. पंख्यात फुंकर मारली. सेटिंगमध्ये जाऊन हे चालू केलं, ते बंद केलं. ऑफिसातल्या मित्राला फोन केला. तेजस मुंबईत आयटीत आहे, त्यामुळे त्याला सगळं येतं असं घरात सगळ्यांनी आधीच ठरवून टाकलेलं. मला त्याने एकदा उपटलं आणि परत लावलं, पण तोंडात डोकावला नाही. डोकावला असता तरी काय दिसलं असतं? लाल वायर, लाल तोंड, त्यात लाल कुंकू. मी आतल्या आत ओरडत होते, अरे मला पूस, मला पूस. पण ज्या तोंडाने सांगायचं तेच भरलेलं.

मग त्याने निकाल दिला. “डिस्कच फॉल्टी आहे. बाकी सगळं इतकी वर्षं नीट चाललंय. नवीन आली आणि प्रॉब्लेम सुरू झाला.”

“दुसरं काही असेल,” उन्नती म्हणाली. “एकदम डिस्कवर कशाला जातोस? आमच्याकडे रिपोर्ट विचित्र आला तर आम्ही आधी नळी बघतो, सुई बघतो. पेशंटला लगेच आजारी ठरवत नाही.”

“इथे रक्त नाहीये, उन्नती. मला कळतं यातलं.”

तेव्हा सावित्रीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “दसऱ्याला आणलेली वस्तू अशी जाते म्हणजे काय म्हणायचं? एकेकाच्या हाताला यश नसतं.”

त्यांनी नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. जगन्नाथभाऊंनी टेबलावर जोरात टकटक केली. कुणी बघितलं नाही. त्यांनी मोबाइल उचलला, चष्मा शोधला, लिहायला लागले. तोवर उन्नती उठून आत गेली होती आणि तेजस टीव्ही लावून बसला होता. भाऊंनी लिहिलेलं खोडून टाकलं.

त्या दिवसापासून घरात ‘ती डिस्क’ हा शब्द ज्या सुरात निघायचा, त्या सुरात आणखी एका माणसाविषयी बोललं जात होतं. “नवीनच नाटकं करतंय.” “आणली कशाला काय माहीत, जुनं चाललं होतं ना.” मला आतून संताप यायचा. डिस्क बिचारी सरळ होती, शिकायला तयार होती. मुलगी तर घरच्या माणसाचा आवाज वाचवायला धडपडत होती. दोष होता माझ्या तोंडात, आणि तो तोंडात घातला होता बोलणाऱ्यांनीच.

रविवारी तेजस उठला तोच वैतागलेला. “आज हे मिटवतो. ती नवीन परत करून टाक. मी जुन्या डिस्कवरच सगळं पुसून नवी सिस्टिम टाकतो. अजून वर्षभर चालेल.”

उन्नती चहाचा कप ठेवून उभी राहिली. “पुसून? त्यात बाबांचा आवाज आहे.”

“त्याची कॉपी आहे माझ्याकडे पेनड्राइव्हवर. मागेच घेतलीय.”

“नक्की?”

“नक्की म्हणजे काय? घेतलीय ना.”

मित्रांनो, आता माझी अवस्था समजून घ्या. त्या डिस्कमधून जे काही बाहेर गेलं ते माझ्यातून गेलं. तिला दुसरा दरवाजाच नाही. पेनड्राइव्हवर काय गेलं होतं हे माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. लग्नाचे फोटो गेले होते. हळदीचे गेले होते. गोव्याच्या सहलीचे गेले होते. आवाजाची एकही फाइल कधी गेली नव्हती. तेजस खोटं बोलत नव्हता, त्याने बघायचीच तसदी घेतली नव्हती. आणि पुसून टाकायचा हुकूम म्हणजे दोन-चार शब्दांचं काम. तोंडात कितीही कुंकू असलं तरी तेवढे शब्द माझ्यातून पार झाले असते. ज्या आवाजाने माझा शीण जायचा तो पुसायचा निरोप मलाच पोचवावा लागणार होता.

तेजसने जुनी डिस्क हातात घेतली.

“ती खाली ठेव,” उन्नती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण तेजस थांबला. “माझी डिस्क वाईट आहे ना? ठीक आहे. ती मी परत करते. पण बाबांची डिस्क पुसायची नाही. आधी तो पेनड्राइव्ह लावून दाखव.”

“तू माझी चौकशी करणार आता?”

“हो, करणार.”

ती खाली बसली आणि तिने रागाने मला नव्या डिस्कमधून खेचलं. बोटं माझ्या तोंडावर घट्ट दाबून खेचलं. मी सुटले आणि तिच्या दोन बोटांची टोकं लाल झाली.

“रक्त आलं का गं?” सावित्रीबाई पुढे आल्या.

उन्नतीने बोट बोटावर घासलं. मग हुंगलं. रोज रक्त बघणारी मुलगी ती, तिला फरक कळणार नाही होय? “रक्त नाही. तेलकट आहे.” तिने मोबाइलचा दिवा लावून माझ्या तोंडात बघितलं. इतक्या वर्षांत कुणीतरी पहिल्यांदा माझ्या तोंडात बघितलं. मग ती कपाटातून स्पिरिट आणि कापूस घेऊन आली. पहिला बोळा लालभडक निघाला. दुसराही लाल. तिसरा गुलाबी. मग तिने सुईच्या टोकाला कापूस गुंडाळून माझा एकेक दात पुसला.

“वायरचा रंग जात असेल,” तेजस म्हणाला.

“प्लास्टिकला कुंकवाचा वास येतो का?”

 पाटावर लावलेलं ते बोट सावित्रीबाईंना आठवलं असणार. त्यांनी आपला उजवा हात पदराखाली घेतला. जगन्नाथभाऊ दारात उभे होते, ते सगळं बघत होते.

स्पिरिट वाळल्यावर उन्नतीने मला परत लावलं. पट्टी सरकायला लागली. जिथे रोज थांबायची तिथे आली आणि तशीच पुढे गेली. मदरबोर्ड बोलत होता, डिस्क ऐकत होती, आणि मी एक अक्षरही गाळत नव्हते. वरणभात व्हायच्या आत सगळं काम झालं.

आता तुम्हाला वाटेल की इथे सगळ्यांनी उन्नतीची माफी मागितली असेल. कसली माफी? तेजस म्हणाला, “मला वाटलंच होतं, कनेक्शन लूज असणार.” मला वाटलंच होतं म्हणे. मी त्या क्षणी पेटीतून बाहेर येऊन त्याला गुंडाळलं असतं. सावित्रीबाई म्हणाल्या, “देवाचं होतं, देवाने निस्तरलं.” आणि पानं वाढायला गेल्या. झालं. ज्या मुलीला इतके दिवस बोलत होते तिला कुणी एक शब्द बोललं नाही. उन्नतीने जुनी डिस्क सीडी ड्राइव्हच्या काळ्या वायरीवर लावली, सगळं नवीवर उतरवायला सुरुवात केली आणि कुणाकडे न बघता मागच्या पडवीत जाऊन चाफ्याची फुलं निवडत बसली. जेवायलाही आली नाही.

माझ्यातून एकेक फाइल जात होती. तेजसचे प्रकल्प गेले. फोटो गेले. मग, जुन्या डिस्कने कण्हत कण्हत दिलेल्या, आवाजाच्या फाइली आल्या. सगळ्या गेल्या. एकही अडकली नाही. तेजस बाजूला बसून होता. त्याने हळूच खिशातला पेनड्राइव्ह लावून बघितला. लग्नाचे फोटो, हळदीचे फोटो, गोवा. त्याने वर खाली दोनदा शोधलं. मग पेनड्राइव्ह काढून मुठीत धरला आणि तसाच बसून राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

तेवढ्यात जगन्नाथभाऊ आले. त्यांनी तेजसला खांद्याला धरून खुर्चीतून उठवलं, स्वतः बसले, चष्मा लावला आणि फाइली बघायला लागले. घाईघाईने नाही. ते एक ठरावीक फाइल शोधत होते. सापडली तेव्हा त्यांनी स्पीकरचा आवाज शेवटपर्यंत वाढवला आणि बटण दाबलं.

“मंडळी, आज आपल्या आगाशीच्या मैदानावर पाचूबंदरचा संघ आलाय. आणि फलंदाजीला येतोय एक नवा चेहरा, जेन्सन. पोराने आजवर होडी चालवलीय, आज बॅट चालवणार आहे. बघू या.”

स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आवाज घरभर भरला, अंगणात गेला. लोकांचा गलका, शिट्ट्या, चेंडू बॅटच्या बाजूने गेल्याचा “आऽ”. आणि मग जगन्नाथभाऊंचा सूर बदलला.

“पंचांनी बोट वर केलंय. बाद दिलंय. नाही मंडळी, हे मला मान्य नाही. मी इथून बघितलंय, चेंडू बॅटला लागलेलाच नाही. पंच आपल्या गावचे आहेत, मीही आपल्याच गावचा आहे, म्हणूनच बोलतोय. तो नवा आहे, परक्या गावचा आहे, त्याच्या बाजूने बोलणारं इथे कुणी नाही, म्हणून त्याच्यावर बोट वर करायचं? आधी बघा, मग बोट वर करा. त्याला परत बोलवा. मैदानाबाहेर जाऊ देऊ नका त्याला.”

मागून कुणीतरी म्हणालं, “भाऊ, पुरे आता, माइक बंद करतोय.”

“कर बंद. माइक बंद केलास तरी हा जगन्नाथ बोलणार.”

खर्रकन आवाज आला आणि फाइल संपली.

 मागच्या दारात उन्नती उभी होती. ओंजळीत चाफ्याची फुलं तशीच होती. तिने तेजसकडे बघितलं, सावित्रीबाईंकडे बघितलं आणि विचारलं, “हाच का बाबांचा आवाज?”

जगन्नाथभाऊंनी आपल्या छातीवर हात ठेवला. मग तोच हात पुढे करून तिला जवळ बोलावलं.

तेजस मान खाली घालून म्हणाला, “माझं चुकलं उन्नती. कॉपी नव्हती माझ्याकडे. तू नसतीस तर आज मी हे पुसून टाकलं असतं.”  सावित्रीबाईंनी तिच्या ओंजळीतली फुलं काढून घेतली, टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “मी तुझ्या हाताला बोलले. ते बोलायला नको होतं मी.” उन्नतीने मान हलवली. ती हसली नाही. “ठीक आहे” असंही म्हणाली नाही, आणि ते मला फार आवडलं. ती भाऊंच्या शेजारी खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, “बाबा, परत लावा. पहिल्यापासून.”

त्यांनी पहिल्यापासून लावलं. ते सगळं पुन्हा माझ्यातून गेलं.

आता माझं मागणं ऐका, मित्रांनो. काही बंद पडलं की सगळ्यात नवं जे असेल त्याच्यावर लगेच बोट ठेवू नका. दोघांच्या मध्ये कोण आहे ते बघा. तिला बाहेर काढा, उजेडात धरा, पुसा. पूजा जरूर करा, पण कुंकू पाठीला लावा, तोंडात भरू नका. आणि ज्याचा आवाज बंद झालाय त्याला आणखी दोष देऊ नका, तो उलट बोलू शकत नाही.

माझ्या एका दाताच्या मुळाशी अजून कुंकवाचा एक कण आहे. उन्नतीला तो दिसला होता, पण कामाला आड येत नाही म्हणून तिने तो राहू दिला. मीही राहू दिलाय. ‘काम करते ना, मग तिलाही’ असं म्हणून तो लावलेला होता. राग माझा अजून गेलेला नाही. पण भाऊ रोज दुपारी येऊन समालोचन लावतात, उन्नती सुट्टी असली की शेजारी बसते, आणि तेवढा वेळ मी काम करत असते.